ओली रेती

नवशाने रबरी नळीचं एक टोक रेतीच्या बादलीत खोल खुपसलं, दुसरं पाण्याच्या बंदुकीच्या तोंडाशी आवळलं आणि काकाला हातानेच मागे सरकायची खूण केली.

"डोल्यांवर फडका धरा काका. रेती उडते."

केसरीनाथने पंचा तोंडाभोवती गुंडाळला, पण डोळे उघडेच ठेवले. मशीन घुरघुरलं. बंदुकीतून पाण्याचा फवारा सुटला, त्याच्या ओढीने बादलीतली रेती नळीतून वर चढली आणि पाण्यासोबत भिंतीवर आदळली. जाडं कापड फाडावं तसा आवाज झाला. भिंतीवरच्या लाल ऑइलपेंटचं पहिलं अक्षर बघता बघता गेलं.

नवशा हा केसरीनाथचा पुतण्या. हे मशीन त्याने दुबईहून परतताना आणलं होतं. तिकडे लोक असल्या मशीनने घरच्या गाड्या धुतात. इकडे वडप्याच्या नाक्यावर नवशा ट्रक धुवायचा, आणि रेतीची नळी जोडली की ट्रकचा गंजही काढायचा. गंज निघतो तर रंग का निघू नये, असं केसरीनाथला वाटलं आणि त्याने पुतण्याला बोलावून घेतलं.

अक्षरं होती थोरल्या मुलीच्या, चंद्राच्या लग्नातली. दारालगतच्या भिंतीवर पेंटरकडून हौसेने काढून घेतलेली. वर गणपती, त्याच्याखाली 'चि. बाळाराम' आणि त्याच्याखाली 'चि. सौ. कां. चंद्रा'. मुलीच्या दारात मुलीचं नाव आधी यायचं, पण जावयाचा मान म्हणून केसरीनाथनेच त्याचं नाव वर घ्यायला लावलं. त्या मानाचं जावयाने चीज केलं ते असं, की वर्ष उलटायच्या आत वज्रेश्वरीकडच्या सासरहून निरोप आला, चंद्रा पाय घसरून विहिरीत पडली. गावाने निरोप ऐकला आणि ज्याने त्याने आपापल्या परीने अर्थ लावला. बाळारामने पुढच्याच उन्हाळ्यात दुसरं लग्न केलं.

भिंतीवर मात्र दोघं जोडीने नांदत राहिली. लग्नाची अक्षरं घरच्या माणसाने आपल्या हाताने पुसायची नाहीत, ऊनपावसाने जातील तेव्हा जातील, अशी त्यांच्याकडची रीत. झाकलं म्हणजे काही पुसलं नव्हे, असं मनाशी म्हणत केसरीनाथ दर दिवाळीला वरून चुना मारायचा. ऑइलपेंटवर चुना काय टिकणार! होळीपर्यंत पोपडे पडत आणि अक्षरं पुन्हा डोकं वर काढत. धाकट्या काशीला बघायला मागे पाहुणे आले, तेव्हा त्यांनी भिंत वाचली, ऐकलेल्या विहिरीच्या गोष्टीशी नावं जुळवली, एकमेकांकडे पाहिलं, चहा घेतला आणि पुन्हा इकडे फिरकले नाहीत. आता येत्या रविवारी कल्याणकडची माणसं येणार होती. काशीचं वय काही थांबून राहिलेलं नव्हतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," केसरीनाथ बायकोला म्हणाला होता. "आन् आपन हात कुठं लावतोय? मशीन पुसल."

चंद्रा गेली त्या दिवसापासून पुतळाबाईने ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. रेती ओलसर असली तर नळीत गोळा होऊन बसते, वर चढतच नाही, असं नवशाने बजावलं होतं. म्हणून तिने खाडीची रेती चाळली, परसात ताडपत्रीवर पसरली आणि दिवसभर उन्हात बसून हाताने वरखाली करत खडखडीत वाळवली. काशीसाठी करायचं तर नीट करायचं, एवढंच तिला कळत होतं.

नवशाचा हात बसलेला होता. गणपतीवर त्याने आधीच गोणपाट बांधलं होतं. एकेक अक्षर तो सावकाश खरवडत चालला होता आणि केसरीनाथ पंच्याआड दातओठ खात उभा होता. त्याला बरं वाटत होतं. बाळारामच्या घरी जाऊन जे करायचं होतं आणि कधी केलं नाही, ते आता निदान त्याच्या नावाला तरी होत होतं. शेवटचा 'म' गेला तेव्हा त्याने पंचा खाली ओढून रस्त्यावर थुंकून टाकलं.

बादली रिकामी झाली. नवशाने मशीन बंद केलं, तसा शेजारच्या गाळ्यातल्या कापडाच्या लूमचा खटखटाट पुन्हा ऐकू यायला लागला. भिंतीवरून करडं पाणी ओघळत होतं. वरची ओळ होती तिथे खरबरीत सिमेंट तेवढं राहिलं होतं. खालच्या ओळीवरचा चुना उडालेल्या पाण्याने धुऊन निघाला होता आणि चंद्राचं नाव कालच काढल्यासारखं लालभडक दिसत होतं.

ते नाव असं एकटं केसरीनाथने कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या डोक्यावर कायम दुसरं नाव असायचं.

"रेती आना काका. एका बादलीत होल. तिकडं ट्रकवाला खोलंबलाय माजा."

केसरीनाथ बादली घेऊन मागे परसात गेला. पुतळाबाई आत चुलीपाशी होती. ताडपत्रीवरची रेती हाताला ऊन लागत होती. उकिडवं बसून तो ओंजळीओंजळीने बादली भरू लागला.

इथेच, या मागच्या पायरीवर, चंद्रा बसली होती. गणपतीला माहेरी आली होती आणि परत जायच्या दिवशी सकाळपासून उठेचना. "बाबा, मी न्हाय जात," एवढंच म्हणाली. रडली नाही की भांडली नाही. लोक काय बोलतील, असं म्हणून त्याने स्वतः तिची पिशवी उचलली, तिला स्टँडवर नेलं आणि वज्रेश्वरीच्या एसटीत खिडकीशी बसवून दिलं. गाडी सुटताना तिने मागे वळून पाहिलं नाही, तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्याने हातांकडे पाहिलं. बोटांना रेती चिकटली होती. आपण हात कुठे लावतोय, हे स्वतःचंच बोलणं त्याला आठवलं आणि स्वतःची किळस आली. एसटीत बसवलं ते याच हातांनी. आता भिंतीवरूनही तेच पाठवणार होते.

बादली त्याने पुन्हा ताडपत्रीवर उपडी केली. धुण्याच्या दगडापाशी भरलेला हंडा होता. तो त्याने उचलला आणि सगळ्या रेतीवर ओतला. धोतर भिजलं, कोपरापर्यंत हात भिजले. मग ओली रेती बादलीत भरून तो पुढच्या दारी आला.

नवशाने नळी खुपसली, बंदूक धरली. फवारा सुटला, पण नुसत्या पाण्याचा. रेती काही वर चढेना. स्वच्छ पाणी चंद्राच्या नावावरून वाहत राहिलं. नवशाने नळी झटकली, फुंकली, बादलीत हात घातला.

"काका, ही वली हाय! काकीनं सुकवली होती ना?"

"खालनं वल धरली असल."

"दुसरी हाय का?"

"न्हाय."

नवशाने काकाच्या ओल्या हातांकडे पाहिलं. मग नळी गुंडाळायला घेतली.

"परवा येतो मंग. आर्दंच ऱ्हायलंय. बरं न्हाय दिसत."

"ऱ्हाउंदे."

"पावनं येतील काका."

"ऱ्हाउंदे बोललो ना."

संध्याकाळी पुतळाबाई ताडपत्री उचलायला परसात गेली. रेतीचा चिखल झाला होता, बाजूला रिकामा हंडा आडवा पडला होता. दोरीवर केसरीनाथचं धोतर वाळत होतं, त्याला रेतीचे डाग होते. तिने सगळी रेती उचलून माडाच्या मुळाशी टाकली आणि हंडा घासून पुन्हा भरून ठेवला.

रविवारी कल्याणची माणसं आली. मुलाचा मामा पंढरी हौशी गडी होता. दिसेल ते मोठ्याने वाचायची त्याला खोड. ओटीवर टेकायच्या आधीच त्याने भिंत वाचली.

"चि. सौ. कां. चंद्रा. ही कोन वो? आन् नवऱ्याचं नाव कुठं गेलं हिच्या?"

चहाचा ट्रे घेऊन निघालेली काशी उंबऱ्यावरच थबकली. तिच्या मागे पुतळाबाईने दाराची चौकट घट्ट धरली.

केसरीनाथने काशीकडे पाहिलं, तिचा चेहरा उतरला होता. तिचीही त्याला दया आली. पण मान खाली घालून चालणार नव्हतं.

"माजी थोरली," तो म्हणाला. "नवऱ्याचं नाव मी काढलं. बसा तुमी. आदी तिचं सांगतो, मंग काशीला बगा. उठून जावंसं वाटलं तर जा, मी वाईट मानायचो न्हाय."

पंढरी हळूच चटईवर बसला, बाकीचेही बसले.

पुतळाबाईने पुढे होऊन काशीच्या हातातला ट्रे घेतला आणि खाली ठेवला.

"बस बाय," ती म्हणाली. "चंद्राचं सांगतोय बापूस."