तेवीस फुल्या

धक्क्यावर बर्फाची खोली आहे. तिच्या दारावर सकाळी सैन्याचा नकाशा चिकटवलेला दिसला आणि आमच्या घरात भांडण पेटलं. मी फाटकं जाळं मांडीवर घेऊन सुई चालवत होते. नवरा नकाशा बघून आला तो थेट सासऱ्यांपुढे उभा राहिला.

"आबा, साहेबानं जागा विचारली तेव्हा तुम्ही फुली कुठं मारली?"

सासरे दोर वळत होते. त्यांनी मान वर केली नाही. गावात त्यांना कुलूप म्हणतात, आणि ते काही उगाच नाही. मासळी कुठं लागली असं कुणी विचारलं, तर 'पाण्यात' एवढंच सांगून ते मोकळे होतात. नवरा वीस वर्षं त्यांच्याच होडीत बसतो, पण सुकाणू अजून म्हाताऱ्याच्याच हातात. किनाऱ्यावरची कुठली खूण कुठल्या खुणेवर आली की नांगर टाकायचा, हे पोटच्या पोरालाही सांगितलेलं नाही.

आमच्या समुद्राच्या पोटात खडकांची एक लांब रांग आहे. मासळी अंडी घालायला तिथंच येते. रांग सगळ्यांची, पण तिच्यातली नेमकी कपार ज्याची त्याची. ती कुणी कुणाला दाखवत नाही. दुसरी होडी नजरेत असली तर माणूस उपाशी परत येईल, पण तिच्यासमोर नांगर टाकणार नाही.

मग सैन्याला तोफा चालवायच्या सरावासाठी पाणी हवं झालं. वर्षातले आठ महिने होड्या बंद, अशी नोटीस आली. आम्ही गप्प बसलो नाही. नऊ दिवस सगळ्या होड्या धक्क्याच्या तोंडाशी आडव्या बांधून ठेवल्या, सैन्याची एकही बोट आत येऊ दिली नाही. आम्ही बायका भाकरतुकडा घेऊन तिथंच बसून होतो. दहाव्या दिवशी एक साहेब आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "तुम्ही मासे कुठं धरता ते कागदावर दाखवा, तेवढं पाणी आम्ही सोडून देऊ." त्या दिवशी आम्ही जिंकलो असं वाटून मी रडले होते.

तेवीस होड्या, तेवीस माणसं. शाळेच्या खोलीत टेबलावर नकाशा, आणि मागं सगळे मान लांब करून बघतायत. अशात कोण आपली कपार दाखवतो?

"खाडीच्या तोंडाशी मारली," सासरे शेवटी बोलले.

"तिथं तर नुसता चिखल आहे."

"म्हणूनच मारली. मला वाटलं, बाकीचे बावीस खरं दाखवतील, रांग वाचेल. आपली एक फुली इकडची तिकडं झाली म्हणून काय बिघडतंय?"

नवरा त्यांच्यासमोर खाली बसला. "बाकीच्या बावीस जणांनाही तेच वाटलं, आबा."

नकाशावर खाडीच्या तोंडचा चिखल हिरव्या रंगात होता, मच्छीमारांसाठी राखीव. खडकांची रांग सगळी लाल, तोफांच्या सरावासाठी. मला सासऱ्यांचा राग आला, आणि त्यांच्या हातातला दोर तसाच राहिलेला बघून कीवही आली.

सासऱ्यांनी टोपी घातली आणि ते साहेबाच्या कचेरीकडं निघाले. मागून सगळं गाव निघालं. वाटेत तुझी फुली कुठं होती, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

साहेबानं बसायला सांगितलं. सासरे उभेच राहिले.

"साहेब, त्या दिवशी मी खोटं दाखवलं."

साहेबानं फाईल काढली आणि कागद पुढं केला. तेवीस फुल्या, प्रत्येकीखाली सही नाहीतर अंगठा. शांतपणे म्हणाला, "आजोबा, तेव्हा लाल भागात एकाचीही फुली नव्हती. आम्ही तो भाग घेतल्यावर तुमचे मासे तिकडं गेले, असं मी वर कसं सांगू?"

सासऱ्यांनी खिडकीतून पाण्याकडं बघितलं. मग त्यांनी तोंड उघडलं. डोंगराची खिंड आणि पाण्याची टाकी एका रेषेत आणायची. मग दीपगृह कारखान्याच्या धुराड्याआड जाईपर्यंत सरकायचं. तिथं बारा वाव खोल पाणी, खाली उभी कपार. त्यांनी सगळं सांगितलं, भरल्या खोलीत. नवरा माझ्या शेजारी उभा होता. बापानं आयुष्यभर न दिलेलं तो चारचौघांत ऐकत होता, आणि त्याचे डोळे भरून आले.

मग आमचा शेजारी पुढं झाला, सासऱ्यांशी तीस वर्षं वाकड्यात असलेला. त्यानं आपल्या खुणा सांगितल्या. मग तिसरा, चौथा. कोणी लाजत, कोणी भिंतीकडं बघत. कारकुनानं सुरुवातीला दोन ओळी लिहिल्या, पुढं पेनाला टोपण लावलं.

साहेबानं मात्र शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, "सहीनिशी दिलेलं आहे. मंजुरी झाली. तीन वर्षांनी फेरविचार होईल, तेव्हा अर्ज करा."

तीन वर्षं. आम्ही कसे आलो तसे परत गेलो.

सोमवारी तोफा सुरू झाल्या. पहिल्या आवाजाला घरातली भांडी हलली. खडकांच्या रांगेवर पाणी उंच उडताना धक्क्यावरून दिसत होतं. अंडी घालायचा हंगाम होता.

घरात बसून करायचं काय, म्हणून आम्ही खाडीच्या तोंडाशी गेलो. मीही होडीत होते. सुकाणू त्या दिवशी सासऱ्यांनी आपणहून नवऱ्याच्या हाती दिलं. तेवीस होड्या पहिल्यांदाच एकमेकींना खेटून उभ्या होत्या. लपवायला काही उरलं नव्हतं. जाळं वर आलं ते काळ्या चिखलानं जड होऊन. ते धुता धुता माझे हात भरून आले.

इतक्यात सैन्याची गस्तीची बोट जवळ आली. वरचा शिपाई कोवळ्या वयाचा होता, चांगल्या घरचा वाटला. त्यानं हात केला.

"आजोबा, निवांत धरा मासे. इथं तुम्हाला कुणी त्रास देणार नाही. आमचा पहारा आहे."

सासऱ्यांनी त्याला हात जोडले, आणि आम्ही जाळं पुन्हा चिखलात सोडलं.