दसऱ्यानंतरची गाडी

किक मारली की सुरू होते. चोक ओढलेला असेल तोवर राहते. चोक ढकलला की फडफडते, आपोआप चढते, उतरते, पुन्हा चढते, आणि

बंद.

निरुपमा पुन्हा किक मारते. गाडी तिच्या नवऱ्याची, हेरंबची आहे. हेरंब श्रावणात तापाने गेला. गाडीचा त्यात काही संबंध नाही, हे लोकांना सांगायचं तिने आता सोडून दिलं आहे.

तरसालीच्या घराच्या ओट्यावर तिचे सासरे उदयसिंहराव खुर्चीत बसलेत. संध्याकाळी अलकापुरीहून गाडीला गिऱ्हाईक येणार आहे.

"राहू द्या, सूनबाई. दसऱ्यापर्यंत बरी होती. आता तिलाही कळलंय."

"गाडीला काय कळतं, आबासाहेब?"

"घोड्याला कळतं."

"घोडा असता तर विकला नसतात."

उदयसिंहराव खोकतात. "भर चौकात बंद पडणारी गाडी. एक गेला तेवढं बस नाही का? गोत्रीला कॉलेजात जायला रिक्षा मिळतात."

"नीट चालली तर?"

"संध्याकाळच्या आत नीट चालली, तर ठेवा. शब्द देतो."

प्लग. साफ आहे. तरी नवा घालते.

चढते, उतरते, बंद.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर. तिथे चीर असली की हवा आत ओढली जाते आणि आवाज असाच भरकटतो. चीर नाही.

हवेचा स्क्रू. आत. बाहेर. काही फरक नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकवताना ती मुलांना सांगते: स्क्रू फिरवूनही फरक पडत नसेल, तर मंद चालीला पेट्रोल पुरवणारा रस्ताच बुजलाय. तेच ती स्वतःला सांगते, त्याच आवाजात. हल्ली तिला तेवढा एकच आवाज आहे.

कार्बोरेटर उतरवते. खालची वाटी उघडते. तळाशी लाल गाळ.

गंज तपकिरी असतो.

बोटावर घेते, चोळते.

कुंकू.

दसऱ्याला या घरात शस्त्रपूजा असते. उदयसिंहरावांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. तलवारीला गंध, अक्षता, आणि शेवटी म्यानाच्या तोंडात चिमूटभर कुंकू. गाडी घेतल्यापासून गाडीलाही तोच मान: टाकीचं झाकण उघडायचं, चिमूट आत. यंदा हार नव्हता, गोडाधोडाचं नव्हतं. चिमूट मात्र उदयसिंहरावांनी टाकली. ती दारातून बघत होती.

पण चिमूट तर दर वर्षी पडायची. मग याआधी गाडी कधी बंद

दर वर्षी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, हेरंबच्या हातांना पेट्रोलचा वास यायचा.

"काय करत होतात?"

"ट्यूनिंग."

"कालपर्यंत छान तर चालत होती."

"म्हणूनच."

चहाच्या कपाभोवती त्याची बोटं. नखांच्या कडा लाल. पूजेचं असेल, तिला वाटायचं.

ती पेट्रोल सोडणारं पितळेचं छोटं जेट काढते. त्यातलं भोक उन्हाकडे धरते. काही दिसत नाही. पेट्रोल, ब्रशचा एक केस, फुंकर. पुन्हा धरते. उजेडाचा ठिपका दिसतो. टाकी रिकामी करते, धुते, सगळं परत बसवते.

किक. चोक ढकलते. मूठ सोडते.

राहते.

आता काहीतरी वाटायला हवं. ती वाट बघते. इंजिन एकसारखं चालत असतं. वाटत काही नाही. गाडीखालच्या फरशीवर पेट्रोलचा डाग सुकत जातो.

उदयसिंहराव उठून जवळ येतात, कान देतात.

"काय होतं?"

तिने बोटं फडक्यात गुंडाळलेली आहेत.

"कचरा."

"हल्लीचं पेट्रोल! मी हेरंबला नेहमी सांगायचो."

"हो."

"काय म्हणायचा, माहीत आहे? म्हणायचा, बरोबर आहे आबासाहेब."

फाटकाशी अलकापुरीहून आलेला माणूस थांबतो. "काका, गाडी तैयार छे?"

"तैयार छे, भाई. पण वेचवानी नथी. वहू चलावे छे."

विकायची नाही, सून चालवते, हे ऐकून माणूस चालू इंजिनाकडे जरा वेळ बघतो आणि जातो. उदयसिंहराव टाकीवर हात ठेवतात. हाताला इंजिनाची थरथर लागते, तरी काढत नाहीत.

"यंदा चिमूट कमी पडली असणार," ते म्हणतात. "मनच नव्हतं. पुढच्या दसऱ्याला चांगली मूठभर टाकू."

"टाका," निरुपमा म्हणते.

ब्रश धुऊन ती फळीवर ठेवते, सहज हाती लागेल असा.