जुन्या फ्रीजचा सूर

रोस्विता पायऱ्या उतरून आत आली आणि दारातच थबकली. तळघर गप्प होतं.

जर्मनीतल्या वुपर्टाल शहरात, कापड रंगवायच्या जुन्या कारखान्याच्या या तळघरात ती सव्वीस वर्षं वाजवत आली होती. वाजवत म्हणजे काय, तर जस्ताच्या टबावर पियानोच्या तारा ताणायच्या आणि त्यांवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. अख्ख्या कारकिर्दीत तिच्या मोजून तीन तबकड्या निघाल्या आणि त्यांच्या बहुतेक प्रती तिच्याच पलंगाखाली पडून होत्या. पोटासाठी ती चष्म्याच्या दुकानात काम करी. ऐकायला यायची ती वीस-पंचवीस डोकी, तीच ती, आता पिकलेली. इमारत विकली गेली होती, हा इथला शेवटचा रविवार होता, आणि आजच्यासाठी चार वर्षं खपून तिने एक रचना बांधली होती.

ती रचना उभी होती बारमागच्या जुन्या फ्रीजच्या घरघरीवर. आपल्या गवयाला तंबोरा, तसा तिला तो फ्रीज. टबाच्या तारा ती दरवेळी त्याच्याच सुरात लावायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण असलं जगावेगळं वाजवणाऱ्या-ऐकणाऱ्या मंडळींत आपलं संगीत समजावून सांगणाऱ्याला पोरकट समजतात.

बार सांभाळणारा एखार्ट हसत पुढे आला. त्याच्या मागे पांढराशुभ्र नवा फ्रीज उभा होता, वर लाल फीत बांधून.

"कसा वाटला? सगळ्यांनी मिळून घेतलाय, शेवटच्या मैफलीसाठी तुला भेट म्हणून. ऐक जरा. काही ऐकू येतं? काही म्हणजे काही नाही. इतकी वर्षं तो खटारा तुझ्या संगीतात नाक खुपसत होता आणि तू मुकाट्याने सोसलंस."

"आणि जुना?"

"युटाच्या बागेतल्या खोपटात. का गं?"

गोड बोलून वेळ मारून न्यावी असं तिच्या मनात आलं. पण तिला खोटं हसू कधीच जमलं नव्हतं.

"एखार्ट, मी त्याच्यावरच वाजवते रे. तो नसेल तर आजची रचना होणारच नाही."

एखार्ट बिअरच्या क्रेटवर मटकन बसला. "सव्वीस वर्षांनी सांगतेस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"इथे विचारतं का कुणी!"

मग धावपळ झाली. नेहमी पुढच्या रांगेत बसणाऱ्या युटाची गाडी निघाली, फ्रीज आडवा घालून आणला, चौघांनी शिव्या देत पायऱ्यांवरून उतरवला. रोस्विताने प्लगला हात घातला, तोच एखार्टने तिचा हात धरला.

"हात लावू नकोस. आडवा आणलाय. कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसू दे. तीन तास तरी."

"लोक यायला लागलेत."

"मग थांबतील."

"माझ्यासाठी तीन तास कोण थांबतं?"

एखार्ट उठून दाराकडे गेला. येईल त्याला तो दारातच सगळं सांगत सुटला. आता गंमत बघा, ज्यांनी उभं आयुष्य नियमांना अंगठा दाखवण्यात घालवलं, ती माणसं फ्रीजचा नियम ऐकून माना डोलवू लागली. "आडवा आणला? मग थांबायलाच हवं," म्हणत एकेकाने खुर्ची ओढली. युटाने आलुबुखाऱ्याचा केक कापला, थर्मासमधली कॉफी फिरली, कुणी बटाट्याचं सॅलड काढलं. दूर कासेल गावाहून आलेला एक म्हातारा बायकोला फोनवर सांगत होता, "नाही गं, आज नाही येत. फ्रीज अजून बसतोय." कुणी उठून गेलं नाही.

रोस्विता टबाशेजारी बसून बघत होती. ही माणसं सवयीने येतात, फार तर दयेने, असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं. त्या वाटण्याची आज तिला लाज वाटली आणि मनातून बरंही वाटलं.

संध्याकाळी एखार्टने प्लग लावला. काहीच झालं नाही. कुणाच्या हातातला चमचाही हलला नाही. मग आत कुठेतरी खट झालं, फ्रीजने अंग झटकलं आणि घरघर सुरू झाली.

"हां," युटा म्हणाली. "आता घरी आल्यासारखं वाटतंय. मघापासून काय चुकतंय तेच कळत नव्हतं."

म्हणजे तो सूर यांच्याही कानात होता, इतकी वर्षं. प्रवासाने फ्रीजचा आवाज थोडा उतरला होता. रोस्विताने तारा किंचित सैल केल्या, त्याच्याशी जुळवल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा वाजवण्याआधी बोलली.

"थांबलात. तुमचे आभार कसे मानू, मला कळत नाही."

"वाजव की," मागून कुणीतरी म्हणालं.

गज हातात होता, पण तिने तो लगेच टेकवला नाही. उठून ती पुढच्या रांगेत युटाशेजारी जाऊन बसली आणि थोडा वेळ सगळ्यांबरोबर फ्रीज ऐकत राहिली. त्यांना घाई नव्हती, आणि आता तिलाही नव्हती.