कपाळाला लागलेली काच

मी मोबाईल. हो हो, तोच तो, पोरांना बिघडवणारा! गिमारास बेटावरच्या या घरात उठता-बसता शिव्या खाल्ल्यात मी.

मला विकत घेतलं ते हाँगकाँगला, नेनिताने. ती तिथे परक्यांची मुलं सांभाळायची. आपल्या जेरलिनसाठी तिने मला गावी येणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवलं. पोर तेव्हा लहान होती, आता चौदा वर्षांची घोडी झालीय.

"जेवताना तरी ठेव ते डबडं!" आजी कडाडायची.

"आईचा फोन आला तर?"

"आला की घे. तोवर ती नाचणारी माकडं कशाला बघतेस?"

"मग तोवर करू काय?"

आजी तिच्या ताटात आणखी भात वाढायची. मालकिणीचं बाळ झोपलं की नेनिता फोन करणार. ते कधी झोपेल ते देव जाणे. म्हणून जेरलिन मला हातातून खाली ठेवत नसे. वाट बघता बघता बोट सरकत राही. मैत्रिणी आंबे पाडायला बोलावून थकल्या, मग येईनाशा झाल्या. नेनिताचं आपलं "यंदा नक्की येते" चालूच. दोनदा नोकरीचा करार वाढला. मला पोरीची कीव यायची, पण वाजण्यापलीकडे मी काय करणार?

आमच्याकडे मोठ्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतात. व्हिडिओ कॉलवर नेनिता पलीकडून पालथा हात पुढे करी आणि जेरलिन मला कपाळाला टेकवी. माझ्या काचेवर तिच्या कपाळाचा तेलकट डाग कायमचाच.

गेल्या रविवारी नेनिता खरोखर दारात उभी राहिली. नोकरी सोडून, सामानसुमान घेऊन. तिने हात पुढे केला आणि जेरलिनने सवयीने मलाच कपाळाला लावलं!

"अगं खुळे, आई इथं आहे, डबड्यात नाही!" आजी हसत हसत डोळे पुसू लागली.

"हात खरखरीत झालाय गं माझा," नेनिता पुटपुटली.

जेरलिनने मला तांदळाच्या पोत्यावर टाकलं. दोन्ही हातांनी आईचा हात धरून कपाळाला लावला, तो सोडेचना.

मी पोत्यावरच राहिलो. चार्जिंग संपलं, कुणी विचारलं नाही. सुटलो बाबा एकदाचा! काल जेरलिनला कुठलंसं गाणं ऐकायचं होतं, तेवढ्यापुरतं मला चार्जिंगला लावलं. मग मैत्रिणींची हाक आली आणि गाणं अर्धवट टाकून ती पळाली.

तुमच्या घरातलं पोर मला चिकटलेलं दिसलं, तर मला खुशाल शिव्या द्या. फक्त ते कुणाची वाट बघतंय, एवढं आधी विचारा. माझ्या काचेवरचा डाग आज सकाळी नेनिताने फडक्याने नव्हे, आपल्या त्याच खरखरीत हाताने पुसला.