मनगटाएवढं मूळ

कल्पना करा, तुम्ही फुटपाथवर उताणे पडला आहात. पाठीखालची फरशी एका बाजूने उचललेली आहे. खाली झाडाचं मूळ आहे, पण कान लावलात तरी काही ऐकू येणार नाही. मुळं गुपचूप ढकलतात, रोज केसाएवढं. सहा वर्षांत ती फरशी वीतभर वर आली होती.

तिलाच अडखळून गल्लीतले शिंपीकाका पडले आणि त्यांचा उजवा हात मोडला. कात्री धरायचा हात.

त्या गल्लीत एक नऊ वर्षांची मुलगी राहायची. तिचे बाबा गावाच्या फुटपाथवर फरश्या बसवायचे आणि त्यांच्या खिशातला खडू कायम हिच्याच मुठीत असायचा, म्हणून सगळे तिला खडूच म्हणत. बाबा जिथे बोट दाखवतील तिथे ती खूण करायची. फुली म्हणजे कापायचं, गोल म्हणजे ठेवायचं.

काका पडल्यानंतर दोन दिवसांनी बाबांनी फरशी उचलली. मुकादम शेजारी उभे होते. खडू वाकून बघू लागली.

"मूळ अंगठ्याएवढं असेल तर फुली," ती म्हणाली. तिला ते पाठच होतं.

"हे मनगटाएवढं आहे," बाबा म्हणाले. "पलीकडचं असंच एक मी मागे कापलंय. आता हेही गेलं, तर पहिल्या वाऱ्याला झाड आडवं होईल."

मुकादमांनी समोरच्या शिंपीकाकांच्या दुकानाच्या पायरीकडे पाहिलं. "पायरी काढू दिली तर फुटपाथ झाडाला वळसा घालून नेता येईल. शिंप्यांनी तसं लिहून द्यायला हवं. नाहीतर बुधवारी झाडालाच करवत लावू. अजून कुणी पडलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

बाबा दुकानात गेले. खडू मागोमाग गेली. काका बंद मशीनपुढे बसले होते, हात गळ्यात बांधलेला. अर्धवट शिवलेला एक सदरा तसाच सुईखाली अडकून होता.

"काका, पायरी काढायला लिहून द्याल का? झाड वाचेल."

"लिहून देऊ? कशाने, पायाने?" काका हसले, पण त्यात हसू नव्हतं. "त्या झाडाने माझं पोट कापलं आणि मी त्याला पायरी देऊ? जा रे बाबा."

बाबा मान खाली घालून परत निघाले.

झाडापाशी आल्यावर खडूने विचारलं, "मूळ वर कशाला आलं? खाली जागा नाही का?"

बाबा बुंध्याजवळ उकिडवे बसले. बुंध्याला चारी बाजूंनी सिमेंट अगदी घट्ट भिडलं होतं.

"इथे आधी मातीचा चौकोन होता," ते म्हणाले. "वारा सुटला की धूळ दुकानात जायची, काकांची कापडं मळायची. काका म्हणाले, तेवढं बुजवून दे. गोणीत सिमेंट उरलं होतं. शेजारधर्म म्हणून बुजवलं. वरून पाणी जायची वाट बंद झाली. मग फरशीखाली ओल साचते, तिथे मूळ आलं."

"मग काकांना सांगायचं ना."

"काय सांगू? तुम्ही मागितलंत म्हणून? मोडक्या हाताच्या माणसाला?" बाबांनी सिमेंटवर तळवा ठेवला. "मागणाऱ्याला काय ठाऊक. काम मला येत होतं, कळायला हवं होतं ते मला."

खडूने मुठीतला खडू वर केला. बुंध्यावर एक मोठा गोल काढला. ठेवायचं.

बाबांनी तो पुसला नाही.

बुधवारी करवत आली. गोल सालीवर तसाच होता. पातं त्याच्या खालून गेलं. दुपारपर्यंत गल्लीत नको इतका उजेड पडला. काका दाराशी आले, डोळ्यांवर डावा हात धरून बराच वेळ उभे राहिले. "फारच ऊन येतं की," एवढंच म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी पडदा ओढला.

मग बाबांनी फरश्या बसवल्या. दोरी लावून, पाण्याची पातळी बघून, एकदम सपाट. मुकादम त्यावरून चालून गेले आणि म्हणाले, "छान झालं." बाबा हत्यारं धुवत राहिले. हत्यारं कधीच स्वच्छ झाली होती.

खडू तेवढ्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. तिथे चप्पलवाल्याच्या दुकानासमोर एक कोवळं झाड होतं, तिच्या दंडाएवढं. त्याच्याही गळ्यापर्यंत सिमेंट होतं. ते कुणाच्या हातचं, हे तिला कडेला थापी फिरवल्याच्या गुळगुळीत खुणेवरून लगेच कळलं.

ती धावत परत आली. धुतलेल्या हत्यारांतली छोटी छिन्नी आणि हातोडी तिने उचलली. बाबांनी पाहिलं. थांब म्हणाले नाहीत.

तिने पुन्हा त्या कोवळ्या झाडापाशी जाऊन भोवती खडूने चौकोन आखला, आत मोठी फुली मारली, आणि मांडी घालून सिमेंट फोडायला बसली.