सकाळचा स्कोअर

प्रबोध सरपोतदारला सिंगापुरात अकरा वर्षं एकच दुःख होतं, आणि ते असं होतं की सांगितलं तर लोक हसतील. त्याच्या हेरॉन्सना इथे कोणी ओळखत नव्हतं.

हेरॉन्स म्हणजे अमेरिकेच्या उत्तरेकडच्या, तळ्याकाठच्या एका शहराचा बेसबॉल संघ. लग्नाआधी कंपनीने प्रबोधला त्या शहरात चौदा महिन्यांसाठी पाठवलं होतं. शनिवारी करायला काही नाही म्हणून तो एकदा स्वस्तातलं तिकीट काढून स्टेडियममध्ये जाऊन बसला, आणि तेव्हा जो त्या संघाच्या नादी लागला तो लागलाच. पुढे पुण्यात लग्न झालं, ऋता झाली, नोकरीने सिंगापूरला आणून टाकलं, पण हेरॉन्स काही सुटले नाहीत. विनीता, त्याची बायको, त्यांना ‘तुझे बगळे’ म्हणायची. बगळे जिंकायचे कमी आणि हरायचे फार. प्रबोधला त्याचं काही वाटायचं नाही. जिंकणाऱ्या संघावर कोणीही प्रेम करतो, असं तो म्हणायचा आणि पुन्हा हरायला तयार व्हायचा.

ऋता तेरा वर्षांची झाली होती आणि हेरॉन्सच्या बाबतीत ती पूर्णपणे बापाची मुलगी होती. एरवी आईने मराठीत विचारलं तर उत्तर इंग्रजीत यायचं, पण मॅच बघताना बाईसाहेब बापाशी मराठीत भांडायच्या. या मॅच बघण्याचा त्या दोघांचा एक कायदा होता. अमेरिकेत संध्याकाळी सुरू होणारी मॅच सिंगापुरात सकाळी आठला सुरू होते. त्या वेळी ऋता शाळेत आणि प्रबोध नोव्हेनाच्या ऑफिसात. म्हणून दिवसभर दोघांनीही स्कोअर बघायचा नाही. बातम्या नाहीत, अ‍ॅप नाही, काही नाही. संध्याकाळी साडेसहाला बिशानच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर रेकॉर्डिंग लावायचं, जाहिराती पळवायच्या आणि मॅच आत्ताच चालली आहे अशा थाटात बघायची. रेकॉर्डिंग किती लांबीचं आहे हे दिसलं तरी निकालाचा अंदाज येतो, म्हणून ऋताने टीव्हीच्या खालच्या कडेला पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली होती. ती सात वर्षांची असल्यापासून हे चाललं होतं. जगाला सकाळीच कळलेली गोष्ट या दोघांना संध्याकाळी एकाच क्षणी कळायची, आणि प्रबोधला तेवढं पुरायचं.

२०१६च्या मार्चमध्ये त्याला लिफ्टमध्ये चारुदत्त भेटला. डोक्यावर हेरॉन्सची टोपी, उन्हाने विटलेली, घामाने कडा पांढऱ्या झालेली. प्रबोधला आधी खरंच वाटेना. चारुदत्त मूळचा ठाण्याचा, त्या तळ्याकाठच्या शहरात दहा वर्षं राहिलेला, आता बदली होऊन बायकोसह, सवितासह, दोन मजले खाली राहायला आलेला. प्रबोधने त्याला लिफ्टमधून थेट घरी आणलं. विनीताने पोहे केले, दोघे तीन तास बोलले, आणि त्या संध्याकाळी प्रबोध इतका खुशीत होता की विनीता म्हणाली, तुझा हरवलेला भाऊच सापडला म्हणायचा.

भाऊबंदकी सुरू व्हायला पंधरा दिवस पुरले.

त्यात चारुदत्तचा दोष म्हणाल तर काही नव्हता. माणूस दिलदार होता. पण त्याच्याकडे दहा वर्षांचं सीझन तिकीट होतं आणि प्रबोधकडे स्वस्तातल्या खुर्चीतले चौदा महिने. प्रबोधने ऋताला लहानपणापासून सांगितलेल्या स्टेडियमच्या गोष्टी चारुदत्त सांगू लागला की त्यात वास यायचे, आवाज यायचे, खेळाडू कुंपणापाशी येऊन दोन शब्द बोलून जायचे. ऋता तोंड उघडं टाकून ऐकायची. प्रबोध शेजारी बसून शेंगदाणे सोलायचा. मग एका रविवारी चारुदत्त तिला बिशान पार्कमध्ये घेऊन गेला. शाळेत तिने सीसीए म्हणून, म्हणजे अभ्यासाबाहेरचा खेळ म्हणून, सॉफ्टबॉल घेतलं होतं आणि चारुदत्तला चेंडू वळवता यायचा. प्रबोधही गेला. जन्मात पहिल्यांदा त्याने बेसबॉल हातात धरला, जोर लावून फेकला, आणि तो बाजूच्या नाल्यात गेला.

“नेव्हर माइंड लाह, बाबा,” ऋता सिंगापुरी वळणाने म्हणाली आणि चारुदत्तकडे वळली. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं प्रबोधला घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

एप्रिल उजाडला आणि हेरॉन्सनी आपल्या लौकिकाला साजेशी सुरुवात केली. पहिल्या सहांपैकी पाच मॅच हरले. घरचा कायदा आवडला म्हणून चारुदत्तही रोज साडेसहाला येऊ लागला. सोफ्यावर मधे ऋता, एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला चारुकाका. पूर्वी काही घडलं की ऋता बापाकडे बघायची. आता ती आधी तिकडे वळायची. सहाव्या मॅचला ती चारुदत्तकडे सतरा वेळा वळली आणि प्रबोधकडे चार वेळा. प्रबोधने मोजलं होतं, आणि मोजताना त्याला लाज वाटली नव्हती.

वळायचं कारणही तसंच होतं. चारुदत्त पुढचं सांगायचा. आता हा पिचर थकलाय, पुढच्या दोन फटक्यांत मार खाईल, मग मॅनेजर त्या उंच डावखुऱ्याला आणेल. आणि तसंच व्हायचं. ऋता म्हणायची, काका, तुला कसं कळतं? प्रबोधच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सहा वर्षं हिला नियम मी शिकवले, पट्टी लावायला पुठ्ठा मी दिला, आणि कौतुक कोणाचं, तर या महाशयांचं. त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या त्याला एकदम सुचलं. हा सकाळी स्कोअर बघून येत असणार. दहा वर्षं तिथे काढलेला माणूस काय दिवसभर हातावर हात ठेवून बसणार? छे. विनीताला त्याने हे सांगितलं, तर ती म्हणाली, बघितला तर बघितला, झोप आता. प्रबोधला मात्र त्या विचाराने इतकं बरं वाटलं की तो खराच असणार, असं त्याने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ऑफिसच्या पँट्रीत, कॉफीचा कप हातात धरून, त्याने फोनवर हेरॉन्सची मॅच उघडली. सहा वर्षांत पहिल्यांदा. हरले होते, तीन-आठ. कोणत्या इनिंगमध्ये काय झालं ते त्याने नीट वाचलं, परीक्षेचं वाचावं तसं. मनात चोरी होती, पण त्याहून मोठ्याने एक आवाज म्हणत होता की तो करतो तर मी का नाही.

संध्याकाळी चौथ्या इनिंगमध्ये तो सहज म्हणाला, “हा शॉर्टस्टॉप आज चेंडू सोडणार बघ. पाय नीट पडत नाहीयेत त्याचे.”

शॉर्टस्टॉपने चेंडू सोडला. ऋता गर्रकन बापाकडे वळली. तिचे डोळे मोठे झाले होते. चारुदत्तनेही प्रबोधच्या पाठीवर थाप मारली. काय नजर आहे यार, म्हणाला. ती थाप प्रबोधला साखरेसारखी लागली.

मग सवयच झाली. रोज अकराला पँट्री, रोज संध्याकाळी भविष्य. आठवी मॅच, नववी, दहावी. फार सांगायचा नाही, दोन-तीनच गोष्टी, आणि कधी मुद्दाम एखादी चुकीची. या कामात माणूस पटकन हुशार होतो. चारुदत्तचे अंदाज निम्मे चुकायचे, कारण ते अंदाजच होते, पण हे प्रबोधच्या डोक्यात शिरलं नाही. तो फक्त मोजत होता. दहाव्या मॅचला त्याच्याकडे बारा वेळा, चारुदत्तकडे सहा. हेरॉन्स हरत होते आणि प्रबोध रोज जिंकत होता. कधी पाचव्या इनिंगलाच तो जाणकारासारखा सुस्कारा टाकायचा, आज काही खरं नाही म्हणायचा, आणि उठून पाणी पिऊन यायचा. ऋता मात्र उशी पोटाशी धरून शेवटच्या चेंडूपर्यंत बसायची आणि हरल्यावर गप्प होऊन पुस्तकं काढायची.

सोळाव्या मॅचच्या दिवशी पँट्रीत त्याच्या हातातली कॉफी सांडायची राहिली. हेरॉन्स आठव्या इनिंगपर्यंत एक-पाच असे मागे होते, नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये तिघांपैकी दोन जण बाद झाले होते, आणि तरी सहा-पाच जिंकले. शेवटच्या फटक्यावर चेंडू कुंपणाबाहेर. प्रबोधला आनंद झाला, पण एकट्याने झालेला आनंद कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेजारी सहकर्मचारी मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम करत होता. प्रबोधने फोन खिशात घातला आणि संध्याकाळचा विचार करू लागला.

संध्याकाळ त्याच्या मनासारखी होत गेली. एक-तीन, एक-चार, एक-पाच. आठवी इनिंग संपल्यावर चारुदत्तने घड्याळ बघितलं. आज गेली ही, सविता जेवायला थांबली आहे, असं म्हणून तो उठला.

“बस की,” प्रबोध म्हणाला. “शेवटपर्यंत बघावं माणसाने.”

चारुदत्त हसला, ऋताच्या डोक्यावर टपली मारली आणि गेला. दार बंद झालं तेव्हा प्रबोधला जे वाटलं ते सांगायला लाज वाटावी असं होतं. गेला! दहा वर्षांचं सीझन तिकीट असलेला माणूस आठव्या इनिंगला शेपूट घालून गेला, आणि बाप बसला आहे. आता फक्त ती आणि तो. त्याने फोन काढला. ऋताचा आनंदाने नाचतानाचा व्हिडिओ घ्यायचा आणि चारुदत्तला पाठवायचा, खाली एक ओळ लिहून: बस म्हटलं होतं.

नववी इनिंग सुरू झाली. एक धाव आली, दुसरी आली. तीन-पाच. दोन बाद. दोन खेळाडू बेसवर. ऋता सोफ्यावरून घसरून जमिनीवर गुडघ्यांवर आली होती, ओठांवर मूठ. प्रबोध टीव्हीकडे बघतच नव्हता. त्याने फोन तिच्या चेहऱ्यावर धरला, मधोमध आणला आणि लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

फटका बसला. चेंडू वर गेला, खूप वर, आणि कुंपणापलीकडे पडला. मारणारा आणि बेसवरचे दोघे, एका फटक्यात तीन धावा, सहा-पाच. ऋता किंचाळत उभी राहिली, दोन्ही हात वर, आणि सगळ्यात आधी बापाकडे वळली.

तिचे हात तसेच वर राहिले. तोंडावरचं हसू मात्र हळूहळू उतरत गेलं. फोनच्या पडद्यावर प्रबोधला ते उतरताना अगदी स्वच्छ दिसलं.

“बाबा, तू शूट करत होतास?”

“अगं, सहज. तुझा आनंद—”

“चेंडू मारायच्या आधीपासून?”

अंदाज होता, असं प्रबोधला म्हणता आलं असतं. गेले दहा दिवस तो तेच तर म्हणत होता. पण ऋता त्याच्याकडे बघत होती, आणि ज्या नजरेसाठी त्याने हे सगळं केलं ती नजर आता त्याला झेपेना.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

तो खाली बघत म्हणाला, “चारुकाकाही सकाळी बघूनच येतो. म्हणून मी...”

“नाही बघत. बघितला असता तर तो आत्ता जेवायला गेला असता?”

हे इतकं सोपं होतं, आणि प्रबोधला दहा दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“सातव्या मॅचपासून.”

ती मनात काहीतरी जुळवत उभी राहिली. टीव्हीवर हेरॉन्स एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

“म्हणजे इतके दिवस मी एकटीच हरत होते,” ऋता म्हणाली.

प्रबोध तिच्याकडे एक पाऊल गेला. तिने बाजूला होऊन टेबलावरचा स्वतःचा फोन उचलला आणि चारुदत्तला लावला. काका, स्कोअर बघू नकोस, जेवून झालं की वर ये, नववी इनिंग राहिली आहे, एवढंच ती बोलली. आवाज अगदी साधा होता, रडकासुद्धा नव्हता. मग तिने रिमोट घेऊन रेकॉर्डिंग मागे नेलं आणि पडद्यावर चित्र थांबवलं. एक-पाच.

“मी पण बसतो,” प्रबोध म्हणाला.

“नको, बाबा. तू आत जा. मला कोणाला तरी खरंच आनंद झालेला बघायचाय.”

तो आत गेला. पलंगावर बसला, उठला, पुन्हा बसला. दहा मिनिटांनी बेल वाजली, सपाता वाजल्या, सोफा करकरला. पहिली धाव, दुसरी धाव. दोन बाद. प्रबोधला प्रत्येक चेंडू पाठ होता. आता, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि त्याच क्षणी बाहेर चारुदत्त ओरडला, आणि त्याच्यापाठोपाठ ऋताही, तिला सगळं माहीत असूनही, दुप्पट मोठ्याने. प्रबोध बंद दाराशी जाऊन उभा राहिला. बाहेर कोणीच त्याला हाक मारत नव्हतं.