दोघांनी वाटून घेतलेली कात्री

मी कात्री बोलतेय. एखाद्याची जीभ कात्रीसारखी चालते, असं तुम्ही माणसं म्हणता. माझी स्वतःची आयुष्यात कधी चालली नाही हो. चालली असती, तर एका भल्या माणसाचं दुकान वाचलं असतं. आज तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर सगळं सांगून टाकते.

मी कापडाची कात्री. कागद कापणाऱ्या आणि मिशा कातरणाऱ्या वेगळ्या. त्यांच्यात मला धरू नका. भट्टीत तापवून, ठोकून माझी दोन पाती घडवली आणि एका स्क्रूनं एकमेकांना बांधली. तुम्हाला वाटत असेल, दोन धारदार पाती जोडली की झाली कात्री. तसं नसतं. माझ्या प्रत्येक पात्याला किंचितसा बाक असतो, डोळ्यांना दिसायचाही नाही इतका. त्यामुळे पाती एका वेळी एकाच जागी एकमेकांना टेकतात, आणि ती जागा स्क्रूपासून टोकाकडे सरकत जाते. कापड तिथं कापलं जातं. तो बाक गेला, की मी म्हणजे नुसत्या दोन लोखंडी पट्ट्या.

मास्तरांनी मला घेतलं तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटत होतं. पुढे त्यांनी स्वतःचं शिलाईचं दुकान टाकलं, लग्न झालं, मुलगा झाला, मुलगी झाली, केस पिकले, आणि मी त्यांच्याच हातात राहिले. माझं कडं आतून झिजून त्यांच्या अंगठ्याच्या मापाचं झालं. घरात बाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, एक नियम घातला होता, बाबांच्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही. एकदा पोरांनी शाळेचा पुठ्ठा कापायला मला उचललं, तर त्या माउलीनं घर डोक्यावर घेतलं. पुढे बाई गेल्या, पण त्यांचा नियम तसाच राहिला.

मग एके दुपारी कापड बेतता बेतता मास्तरांचा उजवा हात लुळा पडला आणि ते टेबलावरच कलंडले. एकच धावपळ झाली. शेजारच्या घड्याळवाल्यानं दुकान आवरलं. बिचाऱ्यानं चांगल्या मनानंच मला उचललं आणि इस्त्री करताना वापरायच्या ओल्या फडक्यासकट खणात सरकवलं. त्या ओल्या फडक्यात मी कितीतरी महिने पडून होते. आधी तांबूस ठिपके आले, मग खपल्या धरल्या, शेवटी पाती एकमेकांना चिकटून बसली. अंगभर खाज सुटलीय आणि खाजवायला हात नाहीत, अशी माझी गत झाली.

तिकडे दवाखान्यात बहीणभावाचं वाजलं. थोरला म्हणाला, दुकान सोडून देऊ, बाबांना मी माझ्याकडे नेतो. धाकटी म्हणाली, दुकान गेलं तर बाबा चार भिंतींत झुरून जातील. शब्दानं शब्द वाढला आणि बोलणंच बंद झालं. “तिला सांगा,” “त्याला सांगा,” असा सगळा कारभार बापाच्या खाटेवरून चालायचा. हे सगळं मी नंतर त्यांच्याच तोंडून ऐकलं.

शेवटी मास्तरांनीच तोड काढली. “मला जरा बरं वाटलं की दुकानात येतो आणि एक कापड कापून दाखवतो. नीट कापलं, तर दुकान चालू राहील. नाहीतर थोरल्या, तू म्हणशील तिथं येईन.” त्या दिवसापासून ते स्पंजचा चेंडू मुठीत घेऊन दाबत बसायचे. जेवण राहायचं, पण चेंडू राहायचा नाही.

दोघं दुकान झाडायला आली तेव्हा खण उघडला.

“अगं आई गं,” धाकटी म्हणाली. “ही तर कामातून गेली.”

“काही गेलेली नाही. पॉलिश पेपरनं खरडली की होईल.”

“खरडून? दादा, तू एकदा आईची कढई घासली होतीस, तिची चाळण झाली होती. व्हिनेगरमध्ये भिजत घालू. गंज आपोआप सुटतो.”

झालं, जो तो शहाणा झाला. घड्याळवाला म्हणाला, रॉकेलचा बोळा लावा. समोरच्या काकू म्हणाल्या, लिंबू आणि मीठ. मोबाइलमध्ये कुणी बटाट्याची फोड साबणात बुडवून घासत होतं, तर कुणी गाडीच्या बॅटरीची वायर जोडत होतं. माझ्या अंगावर इतकी मतं पडली, की गंज परवडला म्हणायची वेळ आली.

आणि मग घात झाला. या घरात पेरू असो की चादर, वाटणीची रीत एकच होती. एकानं वाटे करायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. तीही बाईंनीच लावलेली. थोरल्यानं माझा स्क्रू काढला, धाकटीनं मोठं पातं उचललं.

“तुझी पद्धत तू कर, माझी मी,” ती म्हणाली. “बघू कुणाचं जास्त चमकतं.”

“हरलीस तर चहा तुझ्याकडून.”

कितीतरी दिवसांनी ती दोघं एकमेकांशी सरळ बोलत होती. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं.

उपाय दोन्ही बरे होते. व्हिनेगर सांदीकोपऱ्यात शिरतं, घासावं लागत नाही, पण वेळेवर बाहेर काढावं लागतं. धाकटीला वाटलं, जास्त ठेवलं तर जास्त स्वच्छ. गंज खाऊन संपल्यावर व्हिनेगर मलाच खाऊ लागलं आणि माझी धार कुरतडली गेली. पॉलिश पेपरही चांगला, हातानं हळूहळू घासलं तर. थोरल्याला धीर कुठला? त्यानं मित्राच्या गॅरेजमधून फिरत्या चकतीचं मशीन आणलं. ठिणग्या उडाल्या आणि पातं आतून सपाट झालं. बाक गेला. मी ओरडत होते, पण मशीनच्या आवाजात माझं कोण ऐकणार? घड्याळवाल्याचा रॉकेलचा बोळा आणि थोडी सबुरी, एवढ्यावर भागलं असतं.

दोघांनी पाती जोडली, तेल सोडलं. मी लखलखत होते. थोरल्यानं मला हवेत चालवून बघितलं.

“चिंधीवर बघू?”

“नको,” धाकटी म्हणाली. “पहिला काप बाबांचा. आईला आवडलं नसतं.”

त्यानंही मान डोलावली.

मास्तर काठी टेकत आले. मला बघून त्यांना भरूनच आलं. “ही आपलीच? दोघांनी मिळून केलीत?”

“अर्धी अर्धी,” दोघं एकदम म्हणाली आणि हसली.

मास्तरांनी खडूची रेघ मारली. रेघ सरळ आली. अंगठा माझ्या कड्यात गेला. बोटं बधिर होती, पण हातात जोर होता. शपथेवर सांगते, जोर होता. त्यांनी मला मिटलं, आणि कापड कापलं न जाता पात्यांच्या मध्ये दुमडलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा दुमडलं. मग नुसती सुतं निघाली.

सगळे मास्तरांच्या हाताकडे बघत होते. मास्तरसुद्धा. माझ्याकडे कोण कशाला बघेल? मी चकाचक दिसत होते.

माझं काही बिनसलं, की मास्तर पूर्वी मला कानाशी धरून उघडमीट करायचे. आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. त्यांनी मला वर उचललं. माझा जीव कड्यात गोळा झाला. ऐका, मास्तर, एकदा ऐका.

“बाबा, राहू द्या. किती त्रास करून घ्याल,” थोरला मायेनं म्हणाला आणि त्यानं मला त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं.

“हात गेला रे,” मास्तर म्हणाले. “तुम्ही कात्री इतकी छान केलीत, पण माझा हातच राहिला नाही.”

धाकटीनं डोळे पुसले आणि दुकानाची किल्ली भावापुढे ठेवली.

आता मी थोरल्याच्या घरी काचेच्या कपाटात असते. बहीणभावाचं छान जमतं. कुणाचं पातं जास्त चमकतं, यावरून अजून चिडवाचिडवी चालते. मास्तर समोरच्या खुर्चीत बसून असतात. चेंडू दाबणं त्यांनी सोडलंय. उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहतात, दगा दिलेल्या सख्ख्या भावाकडे बघावं तसे.

तुमचा हात धडधाकट आहे ना? मग माझं एवढं काम करा. कधी त्या घरी गेलात, तर काच सरकवून मला बाहेर काढा. कुणी हात लावू नका म्हणालं, तरी ऐकू नका. मास्तरांच्या पुढ्यात बसून एक चिंधी कापून बघा. तुमच्याही हातून ती कापली जाणार नाही. दुमडलेली चिंधी त्यांना दिसू द्या. बाकी तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.